बर्फावरची लुना आणि दुरुस्तीचा हक्क

मागच्या महिन्यात मी एक फोटो टाकला होता. बर्फात उभी असलेली एक जुनी गाडी, तिचं बॉनेट उघडं आणि माझे हात कोपरापर्यंत काळे. तेव्हापासून नगरच्या मंडळींचे प्रश्न थांबत नाहीयेत. "ताई, हिशेबाची नोकरी सोडली की काय?" "हे रणगाड्याचं पिल्लू काय आहे?" एक काका तर म्हणाले, "बापाचं गॅरेज शेवटी लेकीनेच पुढे नेलं, ते पण कॅनडात!"

प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे. गाडी बर्फातली असली तरी विषय आपल्या गल्लीतल्या गॅरेजचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी राहते सडबरीला. टोरांटोपासून उत्तरेला साधारण चारशे किलोमीटर, निकेलच्या खाणींचं गाव. गावाच्या हद्दीत तीनशेच्या वर तळी आहेत आणि हिवाळ्यात ती सगळी गोठतात. उणे पंचवीस इथे बातमी होत नाही. अशा ठिकाणी जी गाडी चालते ती स्नोमोबिल. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना फिरवतात ती, आणि सियाचीनवर आपले जवान जिला स्नो स्कूटर म्हणतात ती. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, वर मोटरसायकलसारखं सीट आणि हँडल. अॅक्सिलरेटर मात्र मुठीने पिळायचा नाही, अंगठ्याने दाबायचा.

इथे बऱ्याच लोकांसाठी ही हौसेची गाडी आहे. पण आणखी उत्तरेला, जिथे बारमाही रस्ताच नाही अशा मूळनिवासी वस्त्यांमध्ये शिकार, सरपण, नातेवाईक, सगळं याच गाडीवर चालतं. तिथे गाडी बंद पडणं म्हणजे नुसती गैरसोय नाही. वस्तीपासून वीस किलोमीटरवर, अंधार पडताना, उणे तीसमध्ये इंजिन बंद पडलं तर माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून तिथे गाडी चालवता येणं आणि दुरुस्त करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी मानत नाहीत.

आता गंमत बघा. ही गाडी जन्मालाच मुळी गॅरेजात आली.

क्वेबेकमधल्या व्हालकोर्ट गावात जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए नावाचा मुलगा होता. वडिलांनी त्याला एक मोडकी फोर्ड दिली. त्याने तिचं इंजिन काढलं, घसरगाडीवर बसवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि १९२२ च्या शेवटच्या दिवशी गावातून फिरवलं. वय वर्षं पंधरा. पुढे एकोणिसाव्या वर्षी स्वतःचं गॅरेज टाकलं. त्या काळी क्वेबेकच्या गावांतले रस्ते हिवाळाभर बर्फाखाली बंद असायचे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने गेला, कारण बर्फातून दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. त्यानंतर त्याने दातेरी चाक आणि पट्ट्याची रचना पक्की केली. १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि सात माणसं नेणारी बर्फावरची बस निघाली. डॉक्टर, पोस्टमन, शाळेची मुलं त्यातून जाऊ लागली.

मग १९४८ च्या सुमारास क्वेबेक सरकारने गावोगावचे रस्ते हिवाळ्यात साफ ठेवायचा कायदा केला. लोकांचं भलं झालं, पण या बसचा धंदा जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा बॉम्बार्डिए दुसऱ्या यंत्रांकडे वळला आणि १९५९ मध्ये एका-दोघांसाठीची छोटी, हलकी गाडी काढली, स्की-डू. सरकारच्या एका रस्ते-धोरणाने एक वाहन मागे पडलं आणि दुसऱ्याला वाट मिळाली. धोरणांचा आणि आपल्या रोजच्या जगण्याचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अमेरिकेत मिनेसोटातल्या रोझो गावात तर अस्सल जुगाड. शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातल्या लोकांनी १९५६ च्या सुरुवातीला धान्य वर चढवायच्या यंत्राची साखळी घेतली, जुन्या शेव्हरोलेच्या बंपरच्या स्की केल्या, एक छोटं इंजिन बसवलं आणि गाडी चालवून दाखवली. तीच पुढे पोलारिस कंपनी. म्हणजे आज ज्या कंपन्या "आमच्या गाडीला बाहेरच्या माणसाने हात लावू नये" म्हणतात, त्यांचे मूळपुरुष दुसऱ्यांच्या यंत्रांना हात लावूनच मोठे झाले.

तर मी यात कशी आले?

आम्ही पाच वर्षांपूर्वी एक जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबिल घेतली. दोन सिलिंडर, पंख्याने थंड होणारी, पंचवीस वर्षांची. पहिल्याच हिवाळ्यात ती सुरू व्हायला कुरकुर करू लागली. इथल्या एका दुकानात चौकशी केली. मजुरी ताशी दीडशे डॉलरच्या आसपास, आणि नंबर तीन आठवड्यांनी. ऐन जानेवारीत तीन आठवडे! आणि वर, "एवढ्या जुन्या गाडीवर आम्ही शक्यतो काम घेत नाही, नवीन बघा."

तेव्हा मदतीला आले आमचे शेजारी. खाणीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या गॅरेजात दर शनिवारी जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा अड्डा जमतो. एक शाळेचा बसड्रायव्हर, एक नर्स, एक कॉलेजातला पोरगा, एक शेतकरी जोडपं. मी गाडी ढकलत नेली. वाटलं होतं की ते दुरुस्त करून देतील. शेजाऱ्यांनी प्लग-पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गाडी तुझी आहे, मग उघडणार कोण?"

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. आमचं नगरला गॅरेज आहे हे जुन्या मंडळींना माहीत आहे. लुना आपल्या नगरच्या कारखान्यातून निघायची, आणि आप्पांनी आयुष्यभर लुनाच दुरुस्त केल्या. मी शाळेतून आले की गॅरेजात बसायचे, पण वही घेऊन. कोणाचे किती राहिले, कोणाला कोणता पार्ट बसवला, हे मी लिहायचे. पाना दादाच्या हातात. मी हात पुढे केला की आप्पा म्हणायचे, "तू वही घे गं, हात काळे करू नको." त्यात त्यांचा दुष्टपणा नव्हता. त्यांना वाटायचं, पोरीने या काळ्या कामातून बाहेर पडावं. मी पडलेही. पण तीस वर्षं त्या घरात काढून टू-स्ट्रोक इंजिन आतून कसं दिसतं हे मी पाहिलं ते सडबरीत, एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाच्या गॅरेजात.

आणि पाहिलं तर काय, सगळं ओळखीचं! वहीत लिहिलेले सगळे शब्द समोर उभे राहिले. प्लग, पॉइंट, जेट, फ्लोट, रिंग, गॅस्केट.

काय काय शिकले ते थोडक्यात सांगते. ज्यांना यंत्रात रस नाही त्यांनी एवढा भाग गाळला तरी चालेल, पण माझं ऐका, वाचा.

एक, प्लग. टू-स्ट्रोकचा प्लग काढला की इंजिनची तब्येत कळते. टोक कॉफीसारखं तपकिरी असेल तर ठीक. काळं, ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि पिस्टन भाजण्याचा धोका. वैद्य जीभ बघतो तसंच हे.

दोन, जेट. थंड हवा दाट असते. दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून तिला पेट्रोलही जास्त लागतं. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कडाक्याच्या थंडीसाठी मोठा जेट लावावा लागतो. किती थंडीला कोणत्या नंबरचा जेट, हे माझ्या गाडीच्या बॉनेटच्या आत चक्क छापलेलं आहे. कंपनीनेच छापलंय. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन, बेल्ट. ज्यांनी कायनेटिक होंडा किंवा अॅक्टिव्हाचं डाव्या बाजूचं कव्हर उघडलेलं बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. दोन पुली आणि मध्ये एक रबरी बेल्ट. वेग वाढला की पुढची पुली मिटत जाते, मागची उघडत जाते, आणि गिअर आपोआप बदलतो. स्नोमोबिलमध्ये तीच रचना, फक्त दांडगी. बेल्टच्या कडा झिजल्या का, दोरे सुटले का, बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली का, हे बघायचं. आणि जास्तीचा बेल्ट नेहमी गाडीत ठेवायचा. जंगलात बेल्ट तुटला आणि दुसरा नसला की चालत परत यायचं, कमरेएवढ्या बर्फातून.

चार, पट्टा. फार ताणला तर झिजतो आणि गाडी जड चालते. फार सैल सोडला तर दात्यांवरून उड्या मारतो. आणि मधोमध चालतोय का ते बघावं लागतं. हे बघताना गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलतात. तेव्हा मागे कोणीही उभं राहायचं नाही. फिरत्या पट्ट्यातून बर्फाचा खडा किंवा लोखंडी खिळा उडाला तर तो गोळीसारखा येतो. शेजाऱ्यांच्या गॅरेजात या एकाच नियमावर आवाज चढतो.

पाच, सगळ्यात चकित करणारी गोष्ट. पट्ट्याच्या आत प्लॅस्टिकच्या दोन लांब पट्ट्या असतात, त्यांच्यावरून तो घसरतो. त्यांचं वंगण म्हणजे बर्फाचा भुगा. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचा रेडिएटरही सीटखालीच असतो, आणि पट्ट्याने उडवलेला भुसभुशीत बर्फ त्याला थंड ठेवतो. त्यामुळे गोठलेल्या तळ्यावरच्या नुसत्या कडक, काचेसारख्या बर्फावरून गेलात तर उणे वीसमध्येसुद्धा इंजिन तापतं आणि प्लॅस्टिक वितळतं! म्हणून लोक मागे तारेचे खरवडे लावतात, ते बर्फ खरवडून आत उडवतात.

सहा, सुरू करण्याआधी थ्रॉटल दाबून सोडायचा आणि तो झटकन परत येतो का बघायचं. केबलमध्ये पाणी गोठलं असेल तर थ्रॉटल अडकतो आणि गाडी सुसाट सुटते. कोटाला अडकवायची एक दोरी असते. माणूस पडला की ती निघते आणि इंजिन बंद होतं. ती खरंच बंद करते का, हेही रोज तपासायचं.

सात, उन्हाळ्याची तयारी. आपल्याकडे पावसाळ्याआधी मोटर-पंप झाकून ठेवतात, तसं. इंजिनमध्ये ऑइलचा फवारा मारायचा, कार्बोरेटर रिकामे करायचे, बेल्ट काढून ठेवायचा, सायलेन्सरच्या तोंडात बोळा घालायचा, नाहीतर उंदीर घर करतात. पेट्रोलमध्ये इथेही इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि सहा महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरची वाट लागते. उसाच्या पट्ट्यातल्या आणि आता वीस टक्के इथेनॉलवर आलेल्या माझ्या मंडळींनी याची नोंद घ्यावी. जुनी टू-व्हीलर दोन-चार महिने उभी ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

हे सगळं मी दोन हिवाळ्यांत शिकले. एक पैसा न देता. दर शनिवारी डब्यात काहीतरी घेऊन जायचे, एवढंच. माझे बटाटेवडे आता त्या गॅरेजात पान्याइतकेच लागतात.

एका शनिवारी व्हिडिओ कॉलवर मी आप्पांना प्लग दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, "पांढरा पडलाय. लीन चाललीय गाडी. जेट वाढव." मी म्हटलं, "थंडीमुळे होतंय आप्पा, इथे हवा दाट असते." ते जरा थांबले. "दाट म्हणजे?" मग मी समजावून सांगितलं. नगरच्या उन्हात पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला उणे पंचवीसच्या जेटशी कधी काम पडणार? सगळं ऐकून म्हणाले, "असं आहे होय. डिसेंबरात सकाळी लुना का फटफट करते, ते आज कळलं." आणि मग हळूच, "तुला तेव्हाच शिकवायला पाहिजे होतं."

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत होते. इथली माणसं एवढ्या सहजपणे शिकवतात, आणि आमच्या गल्लीत शेजारच्या गॅरेजवाल्याला कार्बोरेटरची सेटिंगसुद्धा कोणी सांगायचं नाही. गिऱ्हाईकाने डोकावलं तरी आप्पा आडवे उभे राहायचे. आपली माणसं कोत्या मनाची आणि ही उदार, असं म्हणणं फार सोपं आहे. परदेशातून लिहिणारे बरेच जण असंच लिहितात. मला ते पटत नाही.

माझे शेजारी शिकवू शकतात, कारण त्यांना खाणीचं पेन्शन आहे आणि या प्रांतात दवाखान्याचं बिल सरकार भरतं. गाडी दुरुस्त करणं ही त्यांची हौस आहे, पोट नाही. आप्पांचं पोट त्या एका सेटिंगवर होतं. ती शेजाऱ्याला कळली तर दिवसाची दोन गिऱ्हाइकं कमी, म्हणजे माझ्या शाळेची फी थकली. विद्या वाटायला पोट थोडं तरी भरलेलं लागतं. त्यामुळे ज्याचं पोट हातावर आहे तो लपवतो म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

पण मग ज्याचं पोट तुडुंब भरलंय, त्याने का लपवावं?

आता आपण मूळ मुद्द्यावर आलो.

माझ्या पंचवीस वर्षांच्या गाडीच्या बॉनेटमध्ये जेटचा तक्ता छापलेला आहे. नव्या गाड्यांमध्ये तक्ता नाही. इंजेक्टर आहेत, सेन्सर आहेत, कॉम्प्युटर आहे. काही बिघडलं की समोर दिवा लागतो. तो दिवा नेमकं काय सांगतोय हे नीट वाचायचं, किंवा नवा भाग बसवल्यावर कॉम्प्युटरला ते कळवायचं, तर बऱ्याचदा कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते फक्त अधिकृत डीलरकडे. आमच्या शनिवारच्या अड्ड्यावर नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की चाळीस वर्षांच्या अनुभवाची माणसं गप्प होतात. हात आहेत, डोकं आहे, भाग आहे, पण कुलूप दुसऱ्याकडे आहे.

नव्या तंत्राला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. जुनी टू-स्ट्रोक धूर ओकते. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या दारावर हिवाळ्यात स्नोमोबिलचा इतका धूर व्हायचा की तिथल्या कर्मचाऱ्यांना तोंडाला मास्क दिले होते. नंतर तिथे कमी धुराच्या, कमी आवाजाच्या गाड्यांचेच नियम आले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक दुचाकींचे कार्बोरेटर गेले, तेही हवेसाठी चांगलंच. नियम हवेतच. पण स्वच्छ इंजिन आणि बंद इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धूर कमी करायला कुलूप लागत नाही.

या कुलपाची किंमत कोण भरतो? फिनलंडच्या उत्तर टोकाला स्कोल्ट सामी नावाचा समाज रेनडिअर पाळून राहतो. १९६० च्या दशकात तिथे स्नोमोबिल आली. पर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने तिथे राहून अभ्यास केला आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आधी घसरगाडी ओढणारं जनावर घरचं होतं. आता पेट्रोल, सुटे भाग, दुरुस्ती, सगळ्याला रोकड लागायला लागली. ज्यांना हे झेपलं ते टिकले. बाकीच्या कितीतरी घरांचे कळप घटले आणि ती या धंद्यातून बाहेर पडली. जो समाज बराचसा सारखा होता, त्यात काही वर्षांत वर-खाली तयार झालं. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेल्या आपल्या गावांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आणि कंपनीच निघून गेली तर? यामाहाने १९६८ पासून स्नोमोबिल बनवल्या. २०२३ मध्ये जाहीर केलं की आता हा धंदा बंद करतोय. गाड्या मात्र हजारो घरांत आहेत आणि पुढची वीस वर्षं चालतील. त्या कोणाच्या भरवशावर चालणार? अशाच शनिवारच्या अड्ड्यांच्या.

कॅनडात नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. दुरुस्तीसाठी, निदानासाठी, देखभालीसाठी यंत्रावरचं डिजिटल कुलूप उघडणं आता गुन्हा राहिलेलं नाही. अर्धंच काम झालंय, कारण कुलूप उघडायला परवानगी मिळाली, पण किल्ली द्यायची सक्ती कंपनीवर नाही. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी एक पाऊल पुढे जाऊन कायदा केला: ट्रॅक्टरवाल्यांनी शेतकऱ्याला आणि स्वतंत्र मेकॅनिकला भाग, साधनं आणि माहिती दिलीच पाहिजे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा विषय नवा आहे असं समजू नका. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे कोर्टकचेरीत गेलं. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं असे चार विषय घेतले. मग पोर्टलही काढलं. पण पोर्टलवर माहिती ठेवायला सांगणं वेगळं, आणि न दिल्यास कारवाई करणारा कायदा वेगळा. तो कायदा हवा.

हे मी हवेत बोलत नाही. दादा अजून आप्पांचं गॅरेज चालवतो. बीएस-६ गाडी आली की तो हात जोडतो, "सर्व्हिस सेंटरला न्या." स्कॅनर घ्यायचा तर खर्च, घेतला तरी सगळ्या कंपन्यांना चालत नाही. शिकायचं तर कुठे? माहिती मराठीत नाही, आणि गॅरेज बंद ठेवून कोर्स करायला गेलं तर त्या दिवसांची रोजी कोण देणार? मागच्या दिवाळीत म्हणाला, "गाळा भाड्याने देऊन टाकू का?" पन्नास वर्षांचं गॅरेज, दोन पोरं कामाला, आणि उत्तर मिळत नाहीये. तुमच्या गावातही असा एक तरी दादा असेलच.

इथली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती उपयोगाची आहे. ऑन्टॅरिओमध्ये स्नोमोबिलच्या वाटांचं जाळं सुमारे तीस हजार किलोमीटरचं आहे. ते राखतात क्लबचे स्वयंसेवक, आणि खर्च निघतो परमिटच्या पैशांतून. यातल्या कितीतरी वाटा खाजगी शेतांतून जातात, शेतकऱ्यांनी फुकट दिलेल्या परवानगीवर! आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात, आणि इथे माणूस म्हणतो जा माझ्या शेतातून. हा फक्त स्वभाव नाही. शेतात कोणी पडून जखमी झालं तर जमीनमालकाच्या अंगाशी येऊ नये म्हणून कायद्यात तरतूद आहे आणि क्लबचा विमा आहे. चांगुलपणा टिकायला मागे व्यवस्था लागते, ती इथे कोणीतरी भांडून उभी केलेली आहे.

मग आपण काय करू शकतो? माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे चार गोष्टी.

१) गाडी, पंप, मोबाइल, काहीही घेताना दुकानदाराला विचारा: बाहेर दुरुस्ती होते का, भाग किती वर्षं मिळतील, सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का? नाही म्हणतील. तरी विचारा. शंभर जणांनी विचारलं की वरपर्यंत जातं.

२) मेकॅनिक लोकांची संघटना असेल तर तिने आयटीआयकडे लेखी मागणी करावी: संध्याकाळचे, मराठीतले, इंजेक्शन आणि विजेवरच्या गाड्यांचे छोटे वर्ग. आणि दहा गॅरेजनी मिळून एक चांगला स्कॅनर घ्यावा. गावात मळणीयंत्र सामाईक वापरतोच ना?

३) खासदार-आमदार मतं मागायला येतात तेव्हा रस्ता-पाणी विचारतो, तसंच हेही विचारा: दुरुस्तीच्या हक्काचा कायदा कधी?

४) गॅरेजात, वर्कशॉपात, शेतात मुलगी शेजारी उभी असेल तर तिच्या हातात वही द्या, जरूर द्या. पण दुसऱ्या हातात पानाही द्या. हात काळे झाले तर साबण आहे.

दादाने गाळा अजून भाड्याने दिलेला नाही. पुढच्या महिन्यात तो आणि गल्लीतले तिघे मिळून स्कॅनर बघायला पुण्याला जाणार आहेत. त्यातले दोघे तेच, ज्यांना आप्पा कार्बोरेटरची सेटिंग सांगायचे नाहीत. आप्पा म्हणाले, "जा. आणि जे कळेल ते चौघांत वाटून घ्या."

तुमच्या भागातल्या मेकॅनिकची काय परिस्थिती आहे, कोणी असा सामाईक प्रयोग केलाय का, हे खाली नक्की लिहा. गॅरेजवाल्या ओळखीच्या माणसाला ही पोस्ट वाचून दाखवा. शेअर करायला परवानगी विचारायची गरज नाही. ज्ञानाला कुलूप नको म्हणणारी मी, पोस्टला कशाला लावू?